रानातली ढेलज

काळा दगड छिन्नीनं नुकताच फुटला की त्याला एक वास येतो, जळका, किंचित गंधकाचा आणि लगेच विरून जाणारा; गवंड्याच्या सहवासात ज्यांचं लहानपण गेलं असेल त्यांना तो सांगावा लागणार नाही. माझ्यासाठी तो वास म्हणजे मामा. चैत्र-वैशाखात शेतं मोकळी झाली की मामा तेरणेकाठच्या आपल्या गावाहून आमच्या बेंबळीला यायचे, कुणाच्या वाड्याची भिंत उचलायला, कुणाच्या आडाचं तोंड बांधून द्यायला, आणि मुक्कामाला आमच्याकडंच असायचे. दिवेलागणीला अंगणात हातपाय धुताना त्यांच्या धोतराच्या घोळातून बारीक कच झडायची, आई तांब्यानं त्यांच्या हातावर पाणी घालायची, बहीणभावंडांचं हळू आवाजात काहीतरी चालायचं, आणि मी त्यांच्या पाठीशी उभी राहून दगडाचा, घामाचा आणि तंबाखूच्या चंचीचा तो एकवटलेला वास घेत राहायची. आजही कुठं रस्त्याच्या कामावर खडी फुटत असली की माझे पाय आपोआप रेंगाळतात. वास येतो, पण अर्धाच. चंची त्यात नसते.

मामा दगड बघण्याआधी ऐकायचे. हातोडीचा हलका टोला द्यायचा आणि मान कलती करून थांबायचं; खणखणीत वाजला तर भिंतीत, बद्द वाजला तर बाजूला. “आत चीर आसली तर त्यो लपवीत न्हाई, बाय. फकस्त इचारावं लागतं,” असं ते म्हणायचे आणि मग मला नाद लागायचा, घरातला पाटा, उखळ, रांजणाखालची शिळा, उंबरा, सगळ्याला टिचक्या मारत फिरायचं. आई रागवायची. मामा मात्र ताटातल्या हुलग्याच्या शेंगुळ्यात भाकरी कुस्करत मोठ्या गंभीरपणे विचारायचे, “मग? काय म्हणला पाटा?” आणि मी काय सांगितलं यावर खरंच विचार करायचे. मुलाच्या उत्तरावर इतका वेळ थांबणारा माणूस घरात असणं ही किती मोठी श्रीमंती होती, हे मोजायला आज माझ्याकडं माप नाही.

आजोळचं घर त्यांच्या हातचं. आजोबांच्या वेळच्या जुन्या दोन खणांना त्यांनी पुढं खण जोडले आणि दर्शनी बाजूला ढेलज नव्यानं बांधली. भिंती गोट्यांच्या आणि मातीच्या, हातभरापेक्षा कितीतरी जाड. पण ढेलजेचे चिरे मात्र त्यांनी एकेक घडवून, टाकी लावून, कोनाला कोन मिळवून बसवलेले. दोन्ही बाजूंना ओटे. त्या ओट्यांवर दुपारी सावली, संध्याकाळी गप्पा आणि रात्री कुणा वाटसरूची वळकटी. आत शिरलं की एकदम डोळ्यांपुढं अंधार यायचा, आणि त्या अंधारात आधी शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास यायचा, मग चुलीचा, मग कोपऱ्यातल्या कणगीतल्या ज्वारीचा, आणि शेवटी मामी दिसायची. वर तुळया, त्यांवर किलचण, त्यावर पाला आणि पांढरीची माती. दरवर्षी मृगाआधी मामा वर चढून त्या माळवदावर नवी पांढरी पसरायचे, आम्ही पोरं पायांनी ती चोपायचो. वर्षामागून वर्ष थर चढत गेले. जितका थर जाड तितकं घर थंड, आणि तितकी घरधन्याची शोभा.

माळवदाखालच्या पावसाचं तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तो पाऊस आता आमच्या भागातून जवळजवळ गेला. तो ऐकू यायचा नाही. एवढी माती वर असताना थेंबांचा आवाज खाली पोचणार कसा? झोपेत नाकाला ओल्या पांढरीचा वास लागायचा, झरोक्यातून उतरणारा उजेड अंधुक व्हायचा, आणि कुणीतरी म्हणायचं, “आला वाटतं.” वासानं येणारा पाऊस. मामी उठून झरोक्यावर पालथं घमेलं घालायला सांगायची, मामा अंधारातच शिडी चढायचे, आणि त्यांच्या पावलांचा वर होणारा दबका आवाज ऐकत आम्ही पुन्हा झोपायचो. डोक्यावर आपलं माणूस चालतंय, एवढ्या एका आवाजावर माणूस किती निर्धास्त झोपू शकतं!

दिवाळीला मामा मुराळी म्हणून आईला न्यायला यायचे. अशाच एका दिवाळीत, आईची बांधाबांध व्हायची होती तेव्हा, त्यांना पोलादाच्या छिन्न्या घ्यायला धाराशिवला जायचं होतं. एसटीच्या पाटीवर तेव्हा उस्मानाबाद लिहिलेलं असे, पण आमच्याकडं जिभेवर धाराशिवच. मी हट्टानं बरोबर गेले. खरेदी लवकर उरकली, आणि मग मामांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, “चल, तुला लई जुन्या गवंड्याचं काम दावतो.” गावापासून कोस-दोन कोसांवर बालाघाटच्या डोंगरात ती लेणी आहेत. पाऊस नुकताच सरलेला, गवत कमरेइतकं, पिवळं पडायला लागलेलं. उतारावर सीताफळीची झुडपं, त्यांतली डोळे उघडलेली फळं मामा हातानं दाबून पाहायचे आणि पिकलेलं तेवढं माझ्या ओच्यात टाकायचे. घाणेरीचा उग्र वास, टोळांची किरकिर, कुठंतरी शेळ्यांच्या गळ्यातली घंटा. माणूस असं कुणी नव्हतं. आणि मग एका वळणावर झाडोरा बाजूला झाला नि डोंगराच्या तांबूस अंगात एक काळं तोंड उघडं पडलं. धान्याचं पेव उघडल्यावर यावा तसा कोंडलेला गारवा त्यातून अंगावर आला, आणि मी मामांचं धोतर धरलं.

आतला मंडप केवढा! पुढं वाचलं तेव्हा कळलं, हे दुसऱ्या क्रमांकाचं लेणं, सुमारे ८० फूट रुंद आणि जवळजवळ तेवढंच खोल. भोवती खोल्या, मागं गाभारा, त्यात ध्यानस्थ भव्य मूर्ती. तेव्हा मात्र मला खांब आणि अंधार एवढंच दिसत होतं, आणि वटवाघळांचा तो नाकात बसणारा वास. कुठंतरी पाणी ठिबकत होतं. एक थेंब, मग खूप वेळ काही नाही, मग पुन्हा एक. मामांनी काडी ओढली नाही. म्हणाले, “डोळं मिट. आता हातानं बग.” आणि माझा तळवा धरून त्यांनी एका अर्धवट राहिलेल्या भिंतीवर ठेवला. खरबरीत, ओलसर, मऊसा दगड. त्यावर तिरप्या रेघा. छिन्नीचे घाव. मामा माझं बोट त्यावरून फिरवत सांगत होते: इथं त्याचा हात जोरात होता, इथं दमला असंल, इथं दुसरा गडी आला, ह्यो डावखुरा हाय बग, घाव उलटे पडल्यात. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कुणा गवंड्याची उजवी-डावी माझ्या मामांनी अंधारात ओळखली, आणि ती ओळखताना त्यांच्या आवाजात जी अदब होती, ती मी त्यानंतर फार थोड्या विद्वानांच्या आवाजात ऐकली.

बाहेर येऊन आम्ही उन्हात बसलो, फडक्यातली भाकरी सोडली, वर सीताफळं. बिया थुंकत मामा म्हणाले, “आमी खालून वर जातो. पाया, जोतं, भिंत, मग माळवद. ही मान्सं वरून खाली आली. आदी छत, मग खांब, शेवटाला भुई. ह्याला रचणं न्हाई, म्हून पडायचं भ्या न्हाई.” खरं तर पडझड तिथंही होतीच, तो खडक मऊ, कितीतरी खांब खालून झिजून गेलेले, पुढचे भाग ढासळलेले. ते मामांना दिसलं नसेल असं होणार नाही. पण त्या दिवशी त्यांच्या मनात कौतुक भरलं होतं, आणि कौतुक करताना माणसानं भेगा मोजू नयेत असं त्यांचं एकूण जगणं होतं.

मोठेपणी मी त्या लेण्यांबद्दल मिळेल ते वाचलं. जेम्स बर्जेस १८७५-७६ च्या हंगामात निजामाच्या मुलखातून हिंडला आणि १८७८ साली छापलेल्या अहवालात त्यानं त्यांचे नकाशे आणि मापं दिली. ती मुळात बौद्ध की जैन, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण मला ज्यानं थांबवलं ते अकराव्या शतकातलं एक काव्य, मुनी कनकामरांचं अपभ्रंश भाषेतलं ‘करकंडचरिउ’. हिरालाल जैन यांनी ते संपादून १९३४ साली कारंज्याहून प्रसिद्ध केलं. त्यात करकंड राजा तेरापुराशी, म्हणजे आपल्या तेरशी, तळ देतो आणि त्याला कळतं की जवळच्या डोंगरात एक लेणं आहे, नि वर एक वारूळ आहे, ज्याची पूजा करायला एक हत्ती रोज सोंडेत पाणी आणि कमळ घेऊन येतो. राजा रानातून वर जातो, वारूळ खोदवतो, आत पार्श्वनाथांची मूर्ती सापडते. मग लेण्यातल्या मूर्तीच्या आसनावर त्याला दगडाची एक गाठ दिसते, बेढब, डोळ्यांना खुपणारी. म्हातारा कारागीर सांगतो, इथं पाण्याची शीर लागली होती, ती अडवायला ही गाठ ठेवली आहे. राजा ऐकत नाही. गाठ फुटते, पाणी उसळतं आणि सगळं लेणं भरून जातं. ते पाणी काही परत गेलं नाही. करकंडानं तिथंच आणखी लेणी खोदवली.

हे वाचलं तेव्हा मला मामांना सांगायची फार घाई झाली. त्या म्हाताऱ्या कारागिराचं त्यांना किती पटलं असतं! सांगायला मामा नव्हते.

१९९३ च्या अनंत चतुर्दशीला गावोगावचे गणपती बोळवून माणसं उशिरा अंथरुणाला टेकली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी बेंबळीत आमच्या फळीवरची भांडी धडाधड खाली आली, कुत्री एका सुरात रडायला लागली, आणि आम्ही बाहेर रस्त्यावर उभे राहिलो तेव्हा आईनं कुणाला काही न विचारता पूर्वेकडं तोंड केलं. उजाडता उजाडता नावं यायला लागली: किल्लारी, सास्तूर. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली ५२ गावं त्या एका पहाटेत भुईसपाट झाली. दख्खनचा हा कातळ तोवर स्थिर मानला जाई. त्याच भरवशावर पिढ्यांनी वर थरावर थर चढवलेले. मामांचा थर त्यांच्याच अंगावर आला. मामी आणि माझा मामेभाऊ पुढच्या खणात होते, ते वाचले. एवढंच सांगते. नंतरच्या दिवसांतला पाऊस, ओल्या लाकडांचा धूर आणि सरकारी कणातींतले ते दिवे यांच्याबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही आणि इथंही बोलणार नाही.

त्यानंतर हळूहळू जे जात राहिलं, ते मात्र सांगावंसं वाटतं. आमच्या भागात माणसं माळवदाखाली निजेनात. महिनोन् महिने अंगणात बाजा टाकल्या, थंडी-वाऱ्यात पत्र्याच्या आडोशाला राहिली, आणि मग एकेकानं माळवदं उतरवली. बेंबळीतलं आमचंही उतरवलं. त्या भिंतीत मामांनी आईसाठी केलेला एक कोनाडा होता, समईपुरता, वर इवलीशी महिरप असलेला; गवंड्यानं विचारलं, एवढा ठेवू का, तर आई म्हणाली, भिंतच ऱ्हाईना तर कोनाडा कशात ठेवायचा? वर पत्रे आले. पहिल्या पावसात त्यांवर असा काही ताशा वाजला की आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. तेव्हापासून आमच्याकडं पाऊस कानानं येतो. वासाचा पाऊस गेला, वर चालणारी पावलं गेली, घराच्या आतला तो दुपारचा थंड काळोख गेला, ज्यात डोळे सरावेपर्यंत माणूस नुसत्या आवाजांवरून आपली माणसं ओळखायचा.

मामीला नव्या गावठाणात घर मिळालं. सरळ रस्ते, ओळीनं सारखी घरं, हलकं छत. ढेलज नाही, त्यामुळं आल्या-गेल्याला टेकायला जागा नाही. पहिली काही वर्षं मामी येणाऱ्याला दाराबाहेर थांबवून स्वतःही दाराबाहेर उभी राहायची, आतबाहेरच्या मधली जागाच तिला सापडायची नाही. तेरला ती गोरोबाकाकांच्या समाधीला जायची, पण कीर्तनात काकांनी चिखल तुडवल्याची गोष्ट सुरू झाली की उठून नदीकडं निघून जायची. त्या गोष्टीत विठ्ठल मातीतून लेकरू परत देतो. जुन्या गावाचं नाव तिनं काढलं नाही, मामेभावानं तिकडं पाऊल टाकलं नाही, आणि जुन्या गावावर वेडी बाभूळ माजत गेली, इतकी की बाहेरून बघणाऱ्याला तिथं रानच असावं असं वाटावं.

गेल्या वर्षी मामेभावाचा मुलगा धावतच माझ्याकडं आला. शेळ्यांमागं पोरं आत शिरली होती. “आत्या, रानात एक दगडाचा दरवाजा घावलाय, लई जुना. राज्याचा हाय म्हणत्यात. भुयारबी आसंल आत.” त्याच्या डोळ्यांत जी चमक होती ती मला ओळखीची होती, धाराशिवच्या डोंगरात, घाणेरीच्या वासात, ती माझ्याही डोळ्यांत होती. मी त्याच्याबरोबर गेले. काटे, बाभळीची पिवळी फुलं, पायाखाली गोट्यांचे ढीग, त्यांवर वेली. अर्धवट बुजलेलं उखळ, फुटक्या रांजणाची खापरं. आणि मधोमध, वर छत नाही, मागं भिंत नाही, अशी मामांची ढेलज उभी. रचलेली माती वाहून गेली होती. घडवलेले चिरे जागचे हलले नव्हते. दोन्ही ओटे होते. डाव्या ओट्याला, मामा छिन्नीला धार लावून लावून पडलेली ती खोलगट जागाही होती.

पोरानं चिऱ्याला टिचकी मारली. कुणी शिकवलं होतं त्याला? कुणीच नाही. मी त्याला सांगत गेले: हा राजाचा दरवाजा नाही, ही तुझ्या आजोबांची ढेलज. इथं वाटसरू निजायचे. ह्या ओट्यावर तुझा बाप पाटी घेऊन अक्षरं गिरवायचा. तो खड्डा दिसतो ना, तिथं आड होता. त्या बाभळीच्या जागी चूल, तिच्या उजवीकडं कणगी, आणि हा मोकळा तुकडा आहे ना, जिथं आता तू उभा आहेस, तिथं मधला खण. तो तिथून चटकन बाजूला झाला आणि पुन्हा, सावकाश, चपला काढून तिथं उभा राहिला. मग त्यानं बाहेर थांबलेल्या पोरांना मोठ्यानं हाक मारली आणि ओरडून सांगितलं, की राज्याचं न्हाई, आमच्या दादांचं हाय.

रात्री हे मामीच्या कानावर गेलंच. मी धास्तावले होते. तिनं बराच वेळ सुपातल्या शेंगा निवडल्या आणि विचारलं, “उंबरा हाय का गं आजून?” आहे म्हटलं. आणि मग मामी बोलायला लागली. तो उंबऱ्याचा दगड तेरणेच्या पलीकडून बैलगाडीनं कसा आणला, चढाला बैल कसे बसले, लग्न तोंडावर आलं तरी मामांची टाकी कशी थांबेना, आणि वरातीच्या रात्री माप ओलांडताना तिच्या पायाला तो ताजा दगड कसा बोचला म्हणून मामांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या देखत बसून त्याची धार कशी मारली, आणि सासूबाई कशा हसल्या. मामेभाऊ दारात येऊन उभा राहिला, मग आत येऊन बसला. मामी सांगत होती, आणि आम्ही कुणी तिला थांबवत नव्हतो.

करकंडाच्या त्या नव्या लेण्यांचा अर्थ मला तिथं लागला. भरलेलं लेणं भरलेलंच राहतं. पाणी उपसून त्याची पहिली भुई कुणाला मिळत नाही, आणि मामीनंही ती मागितली नाही. पण त्याच डोंगराला, त्याच दगडात, शेजारी आणखी एक दालन खोदता येतं, जिथं बसून त्या पाण्याबद्दल बोलता येईल. तिच्या हलक्या छताच्या घरात ते खोदायला इतकी वर्षं लागली, आणि टाकीचा पहिला घाव घातला तो मामांना न पाहिलेल्या पोरानं. आता ते पोर दर रविवारी कोयता घेऊन बाभळी तोडायला जातं, आणि संध्याकाळी येऊन मामीला विचारतं, की आज्जे, आज एक गोल दगड घावला, त्यो कशाचा गं? मामीला उत्तर ठाऊक असतं.